गाडीतलं नेव्हिगेशन : कंपनीचं असो, फोनचं असो की बाहेरून बसवलेलं, या चुका टाळा

नवी गाडी घेताना शोरूममध्ये हमखास विचारतात, "नेव्हिगेशनवालं मॉडेल घेऊ, की फोनवर भागेल?" गाडी जुनी असेल तर ऑपेरा हाऊसच्या नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानात प्रश्न येतो, "अँड्रॉइड स्टिरिओ टाकून घेऊ का?" मुंबईत रोज गाडी काढणाऱ्यासाठी उत्तर सोपं आहे. नकाशा फोनचा आणि पडदा गाडीचा, म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले. ही जोडी सगळ्यांत भरवशाची. निव्वळ नेव्हिगेशनपायी वरच्या मॉडेलला लाखभर जास्त मोजू नका. कंपनीचं नेव्हिगेशन आधीच असेल तर मात्र ते मोडीत काढू नका, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

लोकांचं अडतं ते निवडीपेक्षा बसवण्यात आणि वापरण्यात, आणि चुकाही त्याच त्याच असतात.

वायर कापून स्टिरिओ बसवू देणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

बाहेरच्या स्टिरिओच्या मागे वायरींचा एक जुडगा येतो. पिवळी वायर बॅटरीची, तिला चोवीस तास बारा व्होल्ट लागतात. लाल ॲक्सेसरीची, चावी फिरवल्यावरच तिच्यात करंट यायला हवा. काळी अर्थिंगची. नारिंगी गाडीच्या दिव्यांची, ती लागल्यावर रात्री स्क्रीन मंद होते. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या स्पीकरच्या. कंपनीच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक गाडीत वेगळे असतात. म्हणून आपल्या मॉडेलचा तयार कपलर घ्यायचा, एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये आणि दुसरं स्टिरिओत खोचायचं. काही शे रुपयांचं काम. ज्या गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सर, मागचा कॅमेरा हे सगळं कॅनबसवर, म्हणजे गाडीतल्या यंत्रांना आपसात बोलायला लावणाऱ्या वायरींच्या जाळ्यावर चालतं, तिथे त्याचे संदेश स्टिरिओला समजावणारी डीकोडरची डबी लागते, ती महाग पडते. हे पैसे वाचवायला जाऊ नका.

फिटिंगवाल्याला घाई असते, गिऱ्हाईकालाही असते. मग कंपनीचा सॉकेट कापला जातो, वायरी पिळल्या जातात आणि वर काळी टेप. आपल्याकडे गाडी एप्रिल-मेच्या उन्हात उभी राहते. टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि उघडी वायर डॅशबोर्डमागच्या पत्र्याला टेकते. नशीब बरं असेल तर फ्यूज उडतो.

ठाण्यातल्या एका हॅचबॅकचं काय झालं ते बघा. गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीत उभी, मालक लोकलने कामावर. शनिवारी सकाळी चावी फिरवली की नुसती टकटक. जंप स्टार्ट केला, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. बॅटरी बदलली. महिन्याभरात नवी बॅटरीही त्याच वाटेने. चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला, तो ठणठणीत. शेवटी एकाने मल्टिमीटर लावला, तेव्हा बंद गाडी ०.३ अँपिअर खात होती. स्टिरिओचा फ्यूज काढताच आकडा ०.०३ वर आला. स्टिरिओ बाहेर ओढला तर लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून दोन्ही थेट बॅटरीच्या लाइनवर जोडलेल्या. कापलेल्या जुडग्यात ॲक्सेसरीची वायर सापडली नाही, म्हणून केलेला शॉर्टकट. बटण दाबलं की स्क्रीन काळी व्हायची, पण आतला प्रोसेसर दिवसरात्र जागा होता.

हिशेब करून बघा. ०.३ अँपिअर गुणिले चोवीस तास, म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. पाच दिवसांत सगळी रिकामी. लेड-ॲसिड बॅटरी अशी तळापर्यंत दोन-चारदा उतरली की पुन्हा पूर्ण भरत नाही, म्हणून नवी बॅटरीही गेली.

तपासणी घरी करता येते. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेवर ठेवा. गाडी बंद, दारं लॉक, चावी गाडीपासून लांब. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटरचं एक टोक त्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या टर्मिनलला लावा. आता अर्धा तास थांबा. गाडीतले सगळे मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक जण दोन मिनिटांत आकडा वाचून घाबरतात ते इथेच. ०.०५ अँपिअरच्या खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा पडतो ती लाइन दोषी. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

चूक उलटी झाली, म्हणजे पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, तर बॅटरी उतरत नाही. पण गाडी बंद केली की स्टिरिओ सगळं विसरतो. घड्याळ, ब्लूटूथची जोडणी, रेडिओची स्टेशनं दर वेळी नव्याने. असं दिसलं तर नवा स्टिरिओ घेऊ नका, दोन वायरी बदला.

वॉरंटीतल्या गाडीचा सॉकेट कापला की इलेक्ट्रिकलची कुठलीही तक्रार कंपनी तुमच्याच गळ्यात घालू शकते. माझा आग्रह एवढाच की "कपलर आहे का?" हे भाव विचारायच्या आधी विचारा. "नाही, पण करून देतो" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

अँटेना गुंडाळून डॅशबोर्डमागे टाकणं

"बाण मागे मागे येतो", "मी हायवेवर आणि नकाशा सर्व्हिस रोडवर" अशी तक्रार आली की लोक ॲपला नाहीतर स्टिरिओला नावं ठेवतात. बहुतेक गाड्यांत दोष अँटेनाचा निघतो. बाहेरच्या स्टिरिओबरोबर काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी येते, खाली चुंबक आणि साधारण तीन मीटर वायर. तिला आकाश दिसायला हवं. काच चालते, प्लास्टिक चालतं, पत्रा चालत नाही. फिटिंगवाला ती वायरीसकट स्टिरिओच्या मागे, लोखंडी ब्रॅकेटच्या आत कोंबतो, कारण वर आणायची तर कडेचं पॅनेल उघडावं लागतं. कधी कधी ती जोडलेलीच नसते.

डबी डॅशबोर्डच्या वर, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात, चुंबकाची बाजू खाली करून दुहेरी टेपने चिकटवा. जवळ डॅशकॅम नको. स्वस्त डॅशकॅम आणि स्वस्त चार्जर यांच्यातून इतका विद्युत गोंगाट निघतो की उपग्रहाचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. खात्री करायची तर उघड्या मैदानात गाडी उभी करून उपग्रहांची ताकद दाखवणारं कुठलंही मोफत ॲप स्टिरिओवर उघडा. सगळ्यांत जोरदार चार-पाच उपग्रहांच्या सिग्नलचा आकडा ३५ ते ४५ च्या दरम्यान हवा. पंचविसाच्या खाली असेल तर अँटेना चुकीच्या जागी आहे. मग डॅशकॅमचा प्लग काढा. आकडे एकदम वर गेले तर चोर सापडला.

कंपनीच्या स्टिरिओवर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीला स्वतःचं जीपीएस असेल तर फोन बरेचदा तेच वापरतो. म्हणून बाण भरकटला की आधी केबल काढा आणि नुसत्या फोनवर तोच रस्ता बघा. फोनवर बरोबर दिसला तर बिघाड गाडीच्या अँटेनात किंवा तिच्या जोडणीत आहे. छपरावरच्या शार्कफिनचं, म्हणजे माशाच्या परासारख्या अँटेनाचं काम झाल्यावर किंवा गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उघडल्यावर हे सुरू झालं असेल तर सैल राहिलेला प्लगच आधी शोधायला सांगा. लोक मात्र फोन रीसेट करत बसतात.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

अँड्रॉइड ऑटो लागत नाही म्हणून स्टिरिओ बदलायला निघालात? आधी केबल बदला. कित्येक केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोनबरोबर आलेली किंवा मीटरभराच्या आतली डेटा केबल घ्या, आणि फोनच्या खाचेतला खिशातला कचरा लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, हलक्या हाताने काढा.

वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि वायरलेस चार्जिंग एकाच वेळी लावू नका. या दोन्हींनी फोन तापतो, जोडीला जीपीएस. फोन तापला की चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो आणि बाण अडखळतो. लांबच्या प्रवासात केबलच लावा.

फोनचा स्टँड काचेवर उन्हात नको, एसीच्या जाळीवर लावा, पण हूकवाला. नुसत्या चिमट्याने जाळीच्या पट्ट्या मोडतात. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. फोन हातात धरून नकाशा बघणं तर नाहीच. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला नियम फोन फक्त रस्ता बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरू देतो.

बाहेरच्या स्टिरिओची रॅम खोक्यावर वाचू नका. सेटिंगमधला आकडाही खोटा दाखवता येतो. दुकानात नकाशा उघडा, मागे गाणं लावा, मग रिव्हर्स कॅमेरा चालू करून बघा. तिथेच अडकला तर गाडीत काय चालणार?

कंपनीचा नकाशा शिळा ठेवणं

कंपनीच्या नेव्हिगेशनचा नकाशा किती जुना आहे हे पाहायची सोपी रीत: त्यात कोस्टल रोड आणि अटल सेतू शोधा. दोन्ही २०२४ मध्ये खुले झाले. सापडले नाहीत तर नकाशा त्याआधीचा आहे. आणि सापडले म्हणून निश्चिंत होऊ नका. शीव स्टेशनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, प्रभादेवीचा सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. इंटरनेट नसलेल्या नकाशाला यातलं काही कळत नाही, तो तुम्हाला बॅरिकेडपर्यंत नेऊन सोडतो. सिमकार्डवाल्या नव्या गाड्यांत अपडेट आपोआप येतं, पण सुरुवातीची मोफत मुदत संपली की थेट ट्रॅफिक बंद होतं आणि मालकाला वाटतं सिस्टिम बिघडली.

एसडी कार्डवाल्या जुन्या सिस्टिममध्ये ते कार्ड गाण्यांसाठी काढू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. कार्ड बहुधा त्या यंत्राशी बांधलेलं असतं. त्याची नक्कल चालत नाही, आणि ऑनलाइन मिळणारं स्वस्त कार्ड अनेकदा उघडतच नाही. अपडेट चालू असताना गाडी बंद करू नका. तासभर इंजिन चालू ठेवायचं तर ते बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नको. एक्झॉस्टचा धूर तिथे साठतो आणि तो जीवघेणा असतो. उघड्यावर करा.

कंपनीचं नेव्हिगेशन ठेवा म्हणतो ते दोन जागांसाठी. एक, घाटात. माळशेज, ताम्हिणी, वरंध इथे फोनचं नेटवर्क जातं, कंपनीचा नकाशा चालत राहतो. फोनवालेच असाल तर निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. दोन, बोगद्यात. कोस्टल रोडचे मलबार हिलखालचे बोगदे दोन किलोमीटरच्या आसपास लांब आहेत, आत उपग्रह नाही. कंपनीच्या यंत्राला चाकांचा वेग आणि वळण कळतं, ते अंदाज बरोबर बांधतं. फोन जुन्या वेगाच्या भरवशावर बाण पुढे ढकलतो. वरळीकडे जाताना बोगदा संपल्यावर अमरसन्स आणि हाजी अलीचे फाटे येतात, म्हणून कुठे उतरायचं ते बोगद्यात शिरण्याआधी ठरवा.

मुंबईसाठी फोनची सेटिंग न बघणं

नकाशाच्या ॲपमध्ये स्कूटरसाठी निवडलेला दुचाकी मोड गाडीत तसाच राहतो, आणि मग गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांत आरसे मिटून गाडी काढावी लागते. उलट झालं तर जास्त वाईट: कारच्या मोडवर स्कूटर सी लिंक किंवा अटल सेतूच्या तोंडाशी पोचते, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे.

"टोल टाळा" हे बटणही तपासा. मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल १५ ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. त्या नाक्यांसाठी कधीतरी चालू केलेलं बटण अजून चालूच असतं आणि सी लिंक रस्त्यांच्या यादीत येतच नाही.

उड्डाणपुलावर आहात की खाली, हे जीपीएसला नीट कळत नाही. लालबाग, अमर महल, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता इथे बाणावर विसंबू नका. पुलाचं तोंड येण्याआधी अर्धा किलोमीटर पुढचं वळण नकाशावर बघून घ्या आणि पाटी वाचा. चुकलात तर ब्रेक मारून रिव्हर्स घेऊ नका, पुढच्या सिग्नलला वळा.

आणि पाऊस. अंधेरी सबवे किंवा मिलन सबवे पाण्याने भरून बंद झाला की तिथे गाड्याच नसतात. नकाशा कोंडी ओळखतो ती रस्त्यावरच्या फोनच्या वेगावरून, त्यामुळे रिकामा सबवे त्याला काही काळ मोकळा रस्ता वाटू शकतो. जोराचा पाऊस असेल तर निघण्याआधीच मधला थांबा हाताने टाका: अंधेरीला गोखले पूल, सांताक्रूझला सबवेशेजारचा मिलन उड्डाणपूल. मग नकाशा कितीही वेळा "जवळचा रस्ता" सुचवू दे, तो स्वीकारू नका.