क्वीन्स व्हाजचा इतिहास वहीत कसा मांडावा

घोड्यांच्या रेसचा इतिहास मांडायचा म्हणजे विजेत्यांची नावं उतरवून काढायची, असं समजू नका. आधी नियम उतरवा. वहीच्या पहिल्या पानावर फक्त अंतर, वय आणि मैदान. नावांना नंतर हात घाला.

आपण क्वीन्स व्हाज घेऊ. इंग्लंडात अ‍ॅस्कॉटला जूनमध्ये होणारी, तीन वर्षांच्या दमदार घोड्यांची रेस. पहिल्यांदा धावली १८३८ साली. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे ही त्याच्याहून दोन वर्षांनी थोरली! जिंकणाऱ्या मालकाला व्हाज, म्हणजे बक्षिसाचं पात्र, कायमचं घरी नेता येतं, ते परत करावं लागत नाही. पूर्वी तिला गोल्ड व्हाज म्हणत, तेव्हा जुने कागद चाळताना दोन्ही नावांनी शोधा.

आता अंतर. इथे घाई करू नका, कारण सगळी मेख इथेच आहे. कितीतरी वर्षं ही रेस दोन मैलांची होती, म्हणजे साधारण ३,२०० मीटर. २०१७ पासून ती पावणेदोन मैलांच्या आसपास आणली. आपल्या पुण्याच्या इंडियन सेंट लेजर या रेसचं अंतर २,८०० मीटर आहे, त्याच्याशी ताडून पाहा म्हणजे अंदाज येईल. त्यामुळे २०१६ आणि २०१७ च्या मध्ये लाल पेनाने आडवी रेघ मारा. रेघेवरच्या आणि खालच्या वेळा एकमेकींशी ताडू नका. वयाचंही तसंच. पूर्वी वयाने मोठे घोडेही धावत, तीन वर्षांची अट नंतर आली. २००५ पुढे ‘यॉर्क’ लिहा. अ‍ॅस्कॉटचं बांधकाम चालू होतं म्हणून त्या वर्षी सगळी रॉयल मीटिंगच, म्हणजे जूनमधला ‘रॉयल अ‍ॅस्कॉट’ हा रेसचा आठवडा, तिकडे हलवली होती. मैदान वेगळं, वळणं वेगळी.

मग प्रत्येक नावापुढे एक रकाना आखा : ‘पुढे काय केलं’. माझ्या मते या रेसचा खरा इतिहास याच रकान्यात आहे. माझे वडील नाशिकरोड स्टेशनावर टांगा हाकायचे. नवं घोडं घेताना ते पहिल्या फेरीला काही बोलतच नसत, संध्याकाळची शेवटची फेरी झाली की मत द्यायचे. तीन वर्षांच्या घोड्याचंही तेच करायचं. एस्टिमेट ही एलिझाबेथ राणीची घोडी २०१२ ला व्हाज जिंकली आणि पुढच्याच वर्षी गोल्ड कप, अ‍ॅस्कॉटचीच लांब पल्ल्याची मोठी रेस. लीडिंग लाइटने २०१३ ला व्हाज, त्याच वर्षी डॉन्कास्टरची सेंट लेजर, २०१४ ला गोल्ड कप. स्ट्रॅडिव्हेरियस २०१७ चा. त्याने २०१८, २०१९, २०२० असे तीन गोल्ड कप मारले, तेही अडीच मैलांचे. २०१८ चा क्यू गार्डन्स सेंट लेजर जिंकलाच, वर २०१९ च्या ऑक्टोबरात अ‍ॅस्कॉटलाच त्याने स्ट्रॅडिव्हेरियसलाही जेमतेम नाकभर मागे टाकलं. ज्यांच्यापुढे हा रकाना कोराच राहतो, अशीही नावं बरीच आहेत. ती खोडू नका.

बापाचं नाव लिहाच, पण आईच्या बापाचंही लिहा. २०२२ चा एल्दार एल्दारोव्ह दुबावीचा मुलगा, आणि दुबावीने मोठं नाव कमावलं ते मैलाच्या रेसमध्ये. नुसता बाप पाहिला असता तर हा एवढा पल्ला काढेल असं वाटलं नसतं. आईचा बाप मात्र सी द स्टार्स, डर्बीवाला, आणि स्ट्रॅडिव्हेरियसचा बापही तोच. एल्दारोव्ह त्या वर्षी सेंट लेजरही घेऊन गेला.

माद्यांपुढे छोटी खूण करा. त्यांच्या पाठीवर तीन पौंड वजन कमी ठेवतात. शिवाय तिकडे सगळ्या घोड्यांचं वय एक जानेवारीला वाढतं, मग जन्म जानेवारीचा असो की मेचा. म्हणून जन्माचा महिना मिळाला तर टिपून ठेवा. या वयात चार महिन्यांनी फरक पडतो.

पैसे लावण्याबद्दल मी काही सांगणार नाही. पेन्शन माझी आहे.

रेस रॉयल अ‍ॅस्कॉटच्या बुधवारी असते, आपल्याकडे संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास. इंग्लंड त्या दिवसांत साडेचार तास मागे असतं. निकाल लागला की नाव, बाप, आईचा बाप आणि मैदान ओलं होतं की कोरडं एवढंच लिहा. ‘पुढे काय केलं’ हा रकाना पुढच्या वर्षीचा गोल्ड कप होईपर्यंत पेन्सिलनेच भरायचा.