राघोबादादा अभ्यासताना: नवीन अभ्यासकांसाठी थोडा अनुभव

इतिहास घेऊन एमए करणारे किंवा एमपीएससीवाले बरेच जण राघोबादादांवर (रघुनाथराव पेशवे) एक ओळ पाठ करतात, पुतण्या नारायणराव पेशव्यांचा खून आणि 'ध चा मा' (दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकमातलं 'धरावे' बदलून 'मारावे' केलं ही गोष्ट), झालं. पेशवाईवर काम करताना मला सगळ्यात जास्त छळलंय ते याच माणसानं, म्हणून कळकळीनं सांगतोय, खुनापासून मागे मागे वाचत जाऊ नका, मग पहिल्या पानापासून खलनायकच दिसतो. 1758 पासून पुढे वाचा.

तेव्हा दादा 23 वर्षांचे, थोरल्या बाजीरावांचा मुलगा, एप्रिलमध्ये लाहोर घेतलं आणि मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. मोहिमेतून पैसा यायच्या ऐवजी कर्ज झालं हेही खरंय, पण हा माणूस दौलतीसाठी लढत होता यात मला शंका नाही.

मग 1761. जानेवारीत पानिपत, जूनमध्ये दादांचे थोरले भाऊ नानासाहेब पेशवे गेले, पेशवेपदाची वस्त्रं मिळाली त्यांच्या 16 वर्षांच्या मुलाला, माधवरावांना, आणि कारभार काकांच्या, म्हणजे दादांच्या, हातात. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुतण्या स्वतः निर्णय घ्यायला लागला तसं काकांना सोसेना, आणि 1762 मध्ये चक्क निजामाची मदत घेऊन पुतण्यावरच चाल केली, आळेगावला माधवराव आपणहून काकांच्या स्वाधीन झाले. आणि पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला काका-पुतणे मिळून त्याच निजामाला हरवतात! म्हणजे परत फिरायची वाट उघडी होती हो, तरी दौलतीच्या वाटणीचा हट्ट सुटला नाही, 1768 ला धोडपला हरले आणि शनिवारवाड्यात कैदेत पडले.

मी वहीत प्रत्येक वळणावर एकच प्रश्न लिहायचो, दादांनी या वेळी मदत कुणाची घेतली आणि बदल्यात काय द्यायचं कबूल केलं? आधी निजाम, 1773 च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांच्या खुनाच्या वेळी गारदी (भाडोत्री शिपाई), आणि 6 मार्च 1775 च्या सुरतेच्या तहात इंग्रज. 2500 सैनिकांच्या मदतीसाठी साष्टी (मुंबईजवळचं बेट) आणि वसई द्यायचं कबूल केलं. वसई कुणी जिंकली होती? चिमाजी अप्पांनी, 1739 मध्ये, पोर्तुगीजांकडून, केवढी माणसं गमावून, आणि चिमाजी अप्पा म्हणजे दादांचे सख्खे काका. ते कलम वाचताना मला आजही राग येतो. अटकेच्या वेळच्या दादांना कुणी हे विचारलं असतं तर त्यांनी तलवार उपसली असती असं मला मनापासून वाटतं, पण पेशवेपद पाहिजेच म्हटल्यावर एकेक गोष्ट 'तेवढ्यापुरती' चालवून घेतली गेली.

'ध चा मा' उत्तरात पुरावा म्हणून वापरू नका, ती ऐकीव गोष्ट आहे आणि तिच्यामुळे सगळं आनंदीबाईंवर ढकललं जातं. त्यापेक्षा रामशास्त्री प्रभुणे वाचा, गादीवर बसलेल्या दादांनाच दोषी धरून पुण्यातलं पद सोडून गेलेला न्यायाधीश.

साधनांचं म्हणाल तर बखरी नंतरच्या, त्यांत निकाल आधीच लागलेला असतो, पत्रं मात्र त्या त्या दिवसाची. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, मोडी शिकाच, तोवर छापील पत्रांवर काम चालतं. सुरुवात 1761 ते 1763 च्या पत्रांपासून करा, खुनाच्या कागदांना त्यानंतरच हात लावा.