गॅरेजमधून आलेल्या गाडीत नवे दुखणे? या चुका टाळा

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी संध्याकाळी घरी येते आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यात आधी कधी नसलेले दुखणे सुरू होते. इंजिनचा दिवा लागतो, ब्रेक मऊ लागतो, खालून खडखड ऐकू येते, किंवा सिग्नलला उभी राहिल्यावर गाडी थरथरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील यंत्रकामाशी माझा जुना संबंध असल्यामुळे नातेवाईक आणि शेजारी अशा वेळी आधी मला फोन करतात, आणि बहुतेक वेळा मूळ बिघाडापेक्षा त्यानंतरच्या घाईनेच जास्त नुकसान झालेले असते. माझे सांगणे एकच आहे: नव्या दुखण्याचा शोध शेवटचा हात जिथे लागला तिथून सुरू करावा, आणि तोही दुसऱ्या कोणी ती जागा विस्कटण्याआधी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गॅरेजमधून काढलेली गाडी थेट लांबच्या प्रवासाला नेणे. बेळगावकरांसाठी हा लांबचा प्रवास म्हणजे बहुतेकदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि गोवा. "कालच दाखवून आणली आहे, आता काही होणार नाही," या भरवशावर माणसे निघतात. वास्तविक ज्या गाडीचे भाग नुकतेच उघडून बसवले आहेत, तिच्यावर पहिले काही दिवस सर्वांत जास्त लक्ष ठेवायला हवे.

आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी शनिवारी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बदलून घेतले आणि रविवारी पहाटे ते कुटुंबासह गोव्याला निघाले. जाताना हवा थंड होती आणि घाटात उतार असल्यामुळे इंजिनवर ताण आला नाही, म्हणून काहीच जाणवले नाही. परतताना भर दुपार, गाडीत पाच माणसे, एसी चालू आणि घाटाचा चढ. तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकू लागला. कूलिंगचे काम कालच झाले आहे, तेव्हा काटाच चुकीचा दाखवत असेल, असे त्यांनी धरले. मध्ये एकदा थांबून त्यांनी बॉनेट उघडले, तर कूलंटची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली दिसली आणि त्यांचा समज पक्का झाला. कणकुंबीच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

बाटली भरलेली होती, पण इंजिनच्या आत हवा अडकलेली होती. कूलंट भरताना हवा नीट काढली नाही, तर ती वरच्या भागात साचून राहते, पाण्याचे फिरणे अडते, आणि बाटलीतील पातळी पाहून त्याचा काहीही अंदाज येत नाही. ओळखण्याची एक सोपी खूण मात्र आहे. इंजिन गरम असताना एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा; काटा वर जात असतानाही जाळीतून थंडच हवा आली, तर गरम कूलंट हीटरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे आणि गाडी तिथेच बंद करावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते पाणी थेट अंगावर येते. या गृहस्थांच्या गाडीचे हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवून फेसिंगसाठी (पृष्ठभाग घासून सपाट करण्यासाठी) उद्यमबागेत पाठवावे लागले, सांध्यातले गॅस्केट बदलले, आणि मूळ कामाच्या कित्येक पट बिल झाले.

कूलंटच्या कामानंतर मी स्वतः गाडी आधी शहरातील गर्दीत आणि मग हमरस्त्याने काकतीच्या बाजूला नेऊन आणतो, रात्रभर उभी ठेवतो, आणि सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पुन्हा पाहतो. पातळी उतरली असेल तर भरतो आणि हाच फेरा परत करतो. त्याआधी घाटाचा विचारही करत नाही. याला कोणी वेळेचा अपव्यय म्हणत असेल, तर त्याने हेड फेसिंगला किती दिवस लागतात हे एकदा विचारून पाहावे.

ब्रेकच्या कामानंतरही घाटाची घाई नको. पॅड बदलताना कॅलिपरमधील (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा दाबलेले पेडल खालपर्यंत जाऊ शकते. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहावे. त्यानंतरही ते स्पंजासारखे मऊ राहिले, तर नळ्यांत हवा आहे असे धरून गाडी तशीच परत द्यावी. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला काही अंतर जावे लागते, आणि ते अंतर चोर्ल्याच्या उतारावर कापू नये.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच खुपते: बिघाड दिसताच दुसऱ्याच गॅरेजमध्ये जाणे आणि तिथे स्कॅनर लावून इंजिनचा दिवा घालवून घेणे. दिवा विझला म्हणजे दोष गेला, असे नसते. दिवा लागला त्या क्षणी इंजिनचा वेग, तापमान आणि भार किती होता, याची नोंद संगणक दोषाच्या कोडसोबत ठेवतो, आणि कोड पुसला की ती नोंदही जाते. निपाणीच्या एका शिक्षकांच्या गाडीत एअर फिल्टर बदलल्यावर दिवा लागला आणि इंजिनचा वेग आपोआप खालीवर होऊ लागला. दुसऱ्या मेस्त्रीने कोड पुसला, तिसऱ्याने हवेचा सेन्सर बदलला, तरी दिवा परत आला. फिल्टरच्या डब्यापासून इंजिनकडे जाणारी रबरी नळी बसवताना तिची क्लिप सरकली होती आणि खालच्या बाजूने, जिथे नजर पोहोचत नाही तिथे, बोटभर फट राहिली होती. सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत जात होती. नळी नीट बसवून क्लिप आवळताच गाडी सुधारली. सेन्सरचे पैसे मात्र कोणी परत दिले नाहीत, आणि पहिल्या गॅरेजने "बाहेर हात लागला, आता आमची जबाबदारी नाही" असे सांगून हात वर केले.

म्हणून आधी पहिल्याच ठिकाणी जावे. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि आवाज येत असेल तर तो मोबाइलवर टिपून ठेवावा. आपल्या भागात तक्रार मराठीत सांगितली जाते, जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) ती इंग्रजीत लिहिली जाते आणि काम करणारा मेस्त्री अनेकदा कन्नड बोलणारा असतो. या प्रवासात तपशील गळतात. त्यापेक्षा मेस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारावी आणि दोष प्रत्यक्ष दाखवावा. हे करताना आवाज चढवू नये. सर्व्हिसिंगनंतर दिसलेला प्रत्येक दोष गॅरेजचाच असतो असेही नाही. ऑइल बदलल्यानंतर मागचा बल्ब गेला, तर त्याचा दोष मेस्त्रीला देणे अन्यायाचे आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. चाके काढली असतील, तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत, आणि तेही पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावून. सस्पेन्शनच्या कामानंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) टाळणे म्हणजे नवे टायर वाया घालवणे होय. ऑइलची पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी स्वतः पाहावी. ती वरच्या खुणेच्या वर असणेही वाईटच. बॅटरीची वायर काढली असेल, तर काचा एका दाबात वर न जाणे किंवा इंजिनचा वेग थोडा अस्थिर राहणे हा अनेक गाड्यांत बिघाड नसतो. आधी पुस्तिका वाचावी. खालून फडफड ऐकू आल्यास इंजिनखालच्या प्लास्टिकच्या आवरणाचे बोल्ट मोजावेत. आणि इंजिन चकचकीत दिसावे म्हणून दाबाच्या पाण्याने धुऊन घेण्याचा हट्ट पूर्णपणे सोडावा. स्पार्क प्लगच्या खळग्यांत पाणी साचून इंजिन मिसफायर करू लागते, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. अशा वेळी दिवा लुकलुकत असेल, तर गाडी पुढे चालवू नये, कारण न जळलेल्या इंधनाने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

जीएसटी वाचवण्यासाठी बिल न घेणे, ही सवय आपल्याकडे फार पसरलेली आहे. पण बिल नसेल, तर काय काम झाले याचा पुरावाच राहत नाही. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि बिलावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. गॅरेज दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवता येते. त्यामुळे कोल्हापूरला किंवा गोव्यात काम करून घेतलेल्या निपाणी-खानापूरच्या माणसाला त्यासाठी सीमेपलीकडे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. बिल, जॉब कार्ड आणि कोडचा फोटो तक्रारीसोबत जोडावा.