नव्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही: काहीही न उघडता दोष कसा शोधावा

नवा ट्रॅक्टर, मीटरवर जेमतेम 40 तास, आणि नांगर जमिनीवरून हलायला तयार नाही. अशा वेळी पाना हातात घेऊ नका. लिफ्ट तेलाच्या दाबावर चालते आणि तो दाब पंप तयार करतो, पण नव्या यंत्रात पंप झिजून गेल्याची शक्यता सर्वांत कमी असते. दोष बहुतेक वेळा तेलाची पातळी, सक्शनची बाजू (जिकडून पंप तेल ओढून घेतो), चुकीच्या जागी राहिलेली लिव्हर किंवा व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा यांपैकी एकात निघतो. पहिल्या तिन्ही गोष्टी एकही बोल्ट न सोडता तपासता येतात. कारखान्याचे सील तुटले की वॉरंटीचा वाद सुरू होतो, म्हणून आधी बाहेरून जेवढे कळेल तेवढे कळून घ्यावे.

आधी सुरक्षितता

उचललेल्या अवजाराखाली जाऊ नका. लिफ्ट फक्त तेलाच्या दाबावर उभी असते आणि एक ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) फुटली तरी कित्येक क्विंटलचे वजन क्षणात खाली येते. अवजार वरच अडकले असेल तर आधी भक्कम लाकडी ओंडके किंवा स्टँड द्या, मगच लिव्हरला हात लावा.

गळती बोटाने चाचपू नका. यंत्रणेतला दाब साधारण 150 ते 200 बार असतो. पाइपच्या सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. असे झाले तर घरी मलम लावत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पाइपपासून थोड्या अंतरावर फिरवा, ओला डाग उमटेल.

पायरी 1: लिव्हर आणि नॉब

बाहेरच्या सिलेंडरसाठी तेल वळवणारी लिव्हर किंवा नॉब अनेक मॉडेलांत असतो. तो 'बाहेर' राहिला की लिफ्टला तेलच मिळत नाही. लिव्हर खाचेत अडकून राहिली तर तेल सतत रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब फार वाढला की उघडणारा व्हॉल्व्ह) फिरत तापते. अवजार खाली येत नसेल तर सीटखालचा उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब बघा. तो पूर्ण बंद असला तर लिफ्ट जागेवर कुलूपबंद होते. अवजार जमिनीत लावल्यावर आपोआप वर येत असेल तर ड्राफ्ट कंट्रोल (जमिनीच्या ओढीनुसार अवजार वर-खाली करणारा) जास्त संवेदनशील ठेवलेला असतो. तो मागे घेऊन पोझिशन कंट्रोलवर (अवजार ठरलेल्या उंचीवर धरणारा) चालवून बघा. लिंकेजमध्ये (अवजार ट्रॅक्टरला जोडणारे दांडे) साखळी ताणलेली नाही ना, वाहतुकीचे लॉक लागलेले नाही ना, हेही बघा. इलेक्ट्रॉनिक लिफ्टच्या ट्रॅक्टरवर डॅशबोर्डवरचा कोड लिहून घ्या आणि सेन्सरचे कनेक्टर नीट बसलेत का तपासा. सैल प्लगमुळे लिफ्ट पूर्ण मुकी होते.

पायरी 2: तेल

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, अवजार खाली टेकवा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, मग डिपस्टिक बघा. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, मागचा एक्सल आणि हायड्रोलिक यांचे तेल एकच असते, आणि पुष्कळदा तेलात बुडालेले ब्रेकही त्यातच. म्हणून पातळी खूप खाली असताना लिफ्टशिवाय चालवू म्हणत काम सुरू ठेवू नका. नुकसान लिफ्टपेक्षा मोठे होते.

डंपिंग ट्रॉली जोडत असाल तर तिच्या सिलेंडरला लागणारे तेल हिशोबात धरायचे इथे राहून जाते. 100 मिलिमीटर व्यासाचा आणि 1 मीटर स्ट्रोकचा सिलेंडर पूर्ण उघडला की जवळपास 8 लिटर तेल ओढून घेतो. ट्रॉली उचलल्यावर डिपस्टिक कोरडी पडत असेल, तर पंप हवाच खेचणार. शिवाय ट्रॉलीतले जुने, मळके तेल कपलरमधून (पाइप जोडायचे तोंड) नव्या ट्रॅक्टरमध्ये परत येते. इतक्या लवकर स्ट्रेनर (तेल गाळणारी जाळी) तुंबण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

तेल दुधासारखे दिसले तर काचेच्या बाटलीत थोडे घेऊन उभे ठेवा. खालून वर स्वच्छ होत गेले तर त्यात हवा होती. पांढरेपणा तसाच राहिला तर पाणी आहे. हवा असेल तर सक्शन पाइपचा जोड, क्लॅम्प किंवा ओ-रिंग संशयित. या जोडातून तेल बाहेर येत नाही, फक्त हवा आत जाते, म्हणून बाहेरून सगळे कोरडे दिसते. पातळी कमी असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या श्रेणीचेच तेल घाला, किती घातले ते नोंदवा. मनाला येईल ते तेल टाकले तर ब्रेक कर्कश आवाज करतात आणि वॉरंटीही अडचणीत येते.

पायरी 3: आवाज ऐका

लिव्हर वर करताच किंचाळल्यासारखा आवाज आला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आहे. म्हणजे दाब तयार होतो, पण वजन जास्त आहे, लिंकेज कुठेतरी अडकले आहे किंवा व्हॉल्व्ह खालच्या दाबाला लावलेला आहे. घरघर येत असेल तर पंपाला तेल कमी पडते. काहीच आवाज नसेल तर दाबच होत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल किंवा पंपाला गती मिळत नसेल. जोडणीच्या वेळी आत राहिलेला सीलंटचा तुकडा किंवा रंगाची खपली नव्या यंत्रात अशा जागी अडकते.

सकाळी थंडपणी चालते आणि तापल्यावर मरते, तर आत कुठेतरी तेल निसटते आहे. उलट, थंडपणी अडते आणि तापल्यावर सुटते, तर जाड तेल तुंबलेल्या स्ट्रेनरमधून जात नाही.

पायरी 4: दोष कोणत्या बाजूला

बाहेरचा सिलेंडर जोडून बघा. तो नीट चालतो आणि लिफ्ट चालत नाही, तर पंप निर्दोष समजा. कंट्रोल व्हॉल्व्ह, लिंकेज किंवा लिफ्टच्या पिस्टनचे सील बघावे लागेल. दोन्ही मंद असतील तर पंप, सक्शन किंवा रिलीफ. स्टीअरिंगही जड झाले असेल आणि पंप एकच असेल, तर तेलाकडे पुन्हा वळा.

लिफ्ट टिकते का बघायला अवजार अर्ध्या उंचीवर ठेवून इंजिन बंद करा, लोअर लिंकच्या (अवजार धरणारा खालचा दांडा) गोळ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि 15 मिनिटांनी दूरवरूनच पट्टी धरून पुन्हा मोजा. किती खाली आले तो आकडा लिहा, डीलरला तोच हवा असतो. इंजिन चालू असताना दर काही सेकंदांनी लिफ्ट झटका देऊन वर येत असेल तर सील किंवा चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) गळतो आहे.

दाबाची चाचणी मेकॅनिकने आपल्यासमोर करावी: तेल कोमट, 400 बारपर्यंतचे गेज बाहेरच्या कपलरला, लिव्हर फक्त काही सेकंद धरायची. आकडा पुस्तिकेतल्या दाबाशी ताडा.

तक्रार लेखी द्या

अवर मीटरचे वाचन, चेसिस क्रमांक, तेलाची पातळी, थंड की गरम, आवाजाचा व्हिडिओ, हे सगळे त्याच दिवशी नोंदवून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फिल्टर काढला तर तो टाकू देऊ नका, समोर कापायला सांगा. चुंबकाला चिकटते ते लोखंड. न चिकटणारा रुपेरी चुरा बहुधा पंपाच्या ॲल्युमिनियम कवचाचा, पिवळसर चुरा बुशचा, काळे तुकडे सीलचे.

पंप बदलायचा ठरला तर एक गोष्ट ठामपणे मागा. टाकी, पाइप, स्ट्रेनर आणि व्हॉल्व्ह धुऊन निघाले पाहिजेत. जुन्या पंपाचा चुरा तेलात राहिला तर नवा पंपही त्याच वाटेने जातो, आणि दुसऱ्यांदा दोष तुमच्या वापरावर टाकला जातो. नवा पंप बसवताना त्यात आधी तेल भरावे, कोरडा फिरवू नये. इंजिन 5 मिनिटे मंद ठेवून भाराशिवाय लिव्हर 10 ते 15 वेळा वर-खाली करावी, पातळी पुन्हा बघावी, आणि सुमारे 10 तासांनी फिल्टर पुन्हा बदलून घ्यावा. त्याच वेळी 15 मिनिटांची मोजणीही परत करा आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.