पावसाळ्यात कोंबडी लंगडू लागली तर काय करावे

कोकणात पावसाने जोर धरला की परसाचा चिखल व्हायला वेळ लागत नाही. आपण पाय धुऊन पडवीत येतो, कोंबडी मात्र दिवसभर त्याच चिखलात उभी असते. तळव्याची कातडी भिजून मऊ पडते, काटा किंवा खडा टोचतो आणि तिथून जंतू आत शिरतात. म्हणून ती एक पाय उचलून उभी दिसली की औषध शोधण्याआधी तळवा बघा.

दिवसा तिच्या मागे धावू नका, दुखरा पाय आणखी दुखावतो. दिवेलागणीनंतर ती खुराड्यात बसली की दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचला, काखेत घ्या आणि पाय कोमट पाण्यात बुडवा. बोटांना चिखलाचे वाळलेले गोळे असतील तर ओढू नका, त्याबरोबर नखही उपटून येतं. ते भिजून आपसूक सुटू द्या. बोटाला सुतळीचा धागा किंवा केस करकचून गुंडाळलेला असेल तर तोही याच वेळी दिसतो. बारीक कात्रीने जपून कापा.

पाय स्वच्छ झाला की उजेडात नीट पाहा. तळव्यावर काळी खपली आणि भोवती कुरुपासारखी सूज असेल तर तो तळव्याचा गळू. कोंबडीचा पू पातळ नसतो, आत घट्ट गाठ धरते. त्यामुळे दाबून काही निघत नाही, आणि ब्लेडने कोरलं तर जंतू आणखी खोल जातात. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून दहा-पंधरा मिनिटं पाय त्यात बुडवून शेकवा. बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा आणि वर गॉज ठेवून सैल पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. ओली पट्टी उघड्या जखमेपेक्षा वाईट. चार-पाच दिवसांत सूज उतरली नाही, किंवा ती वर सांध्याकडे चढू लागली, तर पशुवैद्यकाकडे न्या.

पायावरचे खवले उचललेले आणि पांढरट, खरबरीत दिसत असतील तर ती बारीक किडीची खरूज. रॉकेल लावायची जुनी सवय सोडा, त्याने कातडी भाजते. पाय धुऊन कोरडा करा आणि व्हॅसलीनचा जाड थर द्या, त्याखाली कीड गुदमरते. हे काही आठवडे चालू ठेवावं लागतं. ही खरूज एकीकडून दुसरीला लागते, तेव्हा बाकीच्या कोंबड्यांचेही पाय तपासा.

पायावर काहीच दिसत नाही, पण एक पाय पुढे आणि एक मागे पसरून कोंबडी बसून आहे. किंवा मान वळतेय, हिरवट हगवण आहे, एकाच वेळी दोघी-तिघी आजारी आहेत, तर हे चिखलाचं दुखणं नव्हे. मरेक, म्हणजे पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग, किंवा राणीखेत, म्हणजे मानमोडी, असू शकते. तिला लगेच वेगळी करा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

लंगड्या कोंबडीला बाकीच्या टोचतात, खाण्याजवळ येऊ देत नाहीत. पडवीत कोरड्या तुसावर डालग्याखाली ठेवा, पण इतर कोंबड्या तिला दिसतील अशी. पाणी अगदी चोचीपाशी हवं. पायाच्या दुखण्यापेक्षा उपासानेच ती लवकर खचते.

आता खरं औषध, म्हणजे कोरडी जमीन. खुराड्यात भाताचा तूस दोन-तीन इंच पसरा. त्यातला मूठभर घट्ट आवळा आणि मूठ उघडा: गोळा तसाच राहिला तर तूस बदलायला झाला, भुरभुरून पडला तर ठीक. भिजलेला पेंढा नको, त्याला बुरशी धरते आणि ती कोंबडीच्या छातीत जाते. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, सांडलं तेवढाच तूस रोज काढा. ओलाव्यावर कळीचा चुना टाकू नका, पाय भाजतात. दाराशी धारदार खडीऐवजी फळ्या किंवा नारळाची सोडणं टाका. बसायची दांडी गुळगुळीत आणि दीड फुटाच्या आत ठेवा. गिरिराजसारख्या वजनदार कोंबड्यांनी उंचावरून उडी मारली की तळवा ठेचतो.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या. आणि दर वेळी हात साबणाने धुवा.

दोन्ही पायांवर सारखा भार देऊन चालू लागली की तिला रात्री, सगळ्या झोपलेल्या असताना, खुराड्यात परत सोडा. सकाळी भांडण कमी होतं.