पिंजरा लावण्याआधी: वस्तीतल्या मोकाट मांजरांचं काम नव्याने करणाऱ्यांसाठी

माझी सुरुवात खाऊ घालण्यापासून झाली. बहुतेकांची तिथूनच होते. दोन मांजरं यायची, काही महिन्यांत सात झाली आणि त्यातली तीन पिलं डोळे चिकटलेली, नाक वाहणारी. भाटी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिलं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खाऊ घालणाऱ्याने नसबंदीचीही जबाबदारी घ्यायला हवी, असं मी आज ठामपणे म्हणते.

पण पिंजऱ्याची घाई करू नका. आधी दोन-तीन आठवडे रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा आणि अर्ध्या तासाने उरलेलं उचला. मांजरं वेळेवर येऊ लागतात, जागा स्वच्छ राहिली की शेजाऱ्यांची कुरकुरही कमी होते. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. पाणी मात्र कायम असावं. याच दिवसांत वहीत नोंद करा: रंग, शेपटी, बोका की भाटी, कान. नसबंदी करताना भुलीतच एका कानाचं, बहुतेक ठिकाणी डाव्या कानाचं, टोक सरळ कापतात. लांबूनही ते दिसतं आणि त्या मांजराला पुन्हा पकडायची वेळ येत नाही.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक या वहीशीच जोडलेली आहे. एक करडी भाटी पहिल्याच रात्री पिंजऱ्यात आली. आनंदाच्या भरात मी तिच्या पोटाकडे नीट पाहिलंच नाही. भूल दिल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की ही दूध पाजतेय. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण तिची पिलं कुठे आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती पूर्ण शुद्धीवर आल्याची खात्री करून डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही तिला नेहमीपेक्षा लवकर सोडलं. ती थेट एका पडक्या भिंतीमागे गेली. तिथे चार पिलं होती. तीन जगली. चौथं आजही आठवतं. तेव्हापासून सडं फुगलेली आणि भोवतालचे केस झडलेले दिसले, तर मी आधी पिलं शोधते. नसबंदी झाल्यावरही आईला दूध येतं, त्यामुळे पिलं तिच्यापासून तोडायची गरज नसते.

पकडण्याच्या आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवा, म्हणजे भुकेलं मांजर आत शिरेल. पिलांना आणि दूध पाजणाऱ्या आईला मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका. तळाला वर्तमानपत्र आणि मागच्या टोकाला वासाचा मासा पुरेसा असतो. दार पडलं की लगेच पिंजऱ्यावर चादर टाका. अंधारात धडपडणारं मांजर मिनिटभरात शांत होतं. लावलेला पिंजरा सोडून कधीही निघून जाऊ नका. हात आत घालू नका. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात बारीक असतात, जखम छोटी दिसते आणि संसर्ग खोलवर जातो.

शस्त्रक्रियेनंतर भुलीमुळे अंग थंड पडतं, म्हणून ऊब द्या. बोक्याला साधारण एक दिवस, भाटीला त्याहून थोडं जास्त ठेवून घ्या आणि जिथून आणलं तिथेच सोडा. मनाने वेदनाशामक देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

“यांना दूर नेऊन सोडा ना,” असं कुणीतरी म्हणतंच. अनोळखी जागी सोडलेली मांजरं भेदरतात, बरीचशी परत यायच्या नादात मरतात आणि इकडे अन्न-आडोसा असल्याने नवी मांजरं येतात. शेजाऱ्यांना मी हे शांतपणे सांगते. नसबंदीनंतर रात्रीच्या किंचाळ्या, बोक्यांच्या मारामाऱ्या, मुताचा उग्र वास कमी होतो, हेही सांगते. ज्या काकू सर्वांत जास्त चिडायच्या, त्यांनीच पुढे मला नव्या गाभण भाटीची खबर दिली.

दोन ते आठ आठवड्यांची पिलं माणसाळवता येतात, त्यांना घर शोधा. मोठं, बुजरं मांजर घरात कोंडू नका.

वही अजून चालू आहे. सध्या अकरा नोंदी आहेत, दहांचे कान कापलेले. उरलेली काळी भाटी पिंजऱ्याला वळसा घालून जाते, म्हणून दहा दिवस तिला दार बांधून ठेवलेल्या उघड्या पिंजऱ्यातच खायला ठेवतेय. काल तिने पुढचे दोन पाय आत टाकले.