डॉक्टरांसमोर मुलांना दुभाषी करू नका, मराठी बोलणारा केस मॅनेजर मागा

नव्या देशात उतरल्यावर बँकेचं खातं, मुलांची शाळा, गाडीचा परवाना याच्या याद्या सगळेच देतात. घरातल्या कुणाचं मन आजारी पडलं तर कुठे जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्हाला परदेशात येऊन अठरा वर्षं झाली. मला हे सासूबाईंच्या आजारपणात कळलं, तेही फार उशिरा.

ते आमचं इथलं तिसरं वर्ष होतं. आई आमच्याकडे राहायला आल्या आणि चार महिन्यांत त्यांची झोप उडाली. छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात, एवढंच सांगायच्या. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. माझी इथली भाषा तेव्हा कच्ची होती आणि बारा वर्षांची लेक शाळेत जाऊन फाडफाड बोलायला लागली होती, म्हणून डॉक्टरांकडे तिलाच पुढे केलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? आई म्हणाल्या, "जीव नकोसा झालाय गं." लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, आजी फार दमली आहे. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. रात्री लेक माझ्याजवळ येऊन विचारते, "आजी मरणार आहे का?" तिला सगळं समजलं होतं. समजलं होतं म्हणूनच तिने ते सांगितलं नव्हतं.

पोटच्या मुलांना दुभाषी करू नका, हे म्हणून सांगते. नवऱ्यालाही नको. बाळंतपणानंतर रडू आवरत नसलेल्या बाईने तो शेजारी बसलेला असताना काय बोलायचं? बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखायला एडिनबरा स्केल नावाची प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे, प्रश्न फक्त दहा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर नवऱ्याच्या तोंडून जायला नको.

आता दुभाषी आणि केस मॅनेजर यांतला फरक. दुभाषी तुम्ही बोललात तेवढंच आणि तसंच पोचवतो. पदरचं घालत नाही, सल्ला देत नाही, अपॉइंटमेंट संपली की त्याचं काम संपलं. द्विभाषिक केस मॅनेजर तुमची भाषा बोलतो आणि तुमची फाइलही सांभाळतो. तो घरातल्यांशी बोलून गरजा समजून घेतो, आराखडा करतो, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, शाळा, घरभाड्याची मदत अशा सगळ्यांना जोडून देतो, आणि ठरलेलं झालं का ते फोन करून विचारतो. आजार एकाचा असला तरी नोकरी गेलेला मुलगा, शाळेत गप्प झालेला नातू, रात्रभर जागणारी सून हे सगळे त्याच गुंत्यात असतात. प्रत्येकाला वेगळ्या खिडकीत उभं राहून पहिल्यापासून सांगावं लागलं तर माणसं मधेच सोडून देतात.

आमच्या केस मॅनेजर बाईंनी पहिल्याच भेटीत आईंना विचारलं, "जीव नकोसा म्हणजे कंटाळा आलाय, की जगूच नये असं वाटतं?" आपल्या भाषेत त्या शब्दांचे दोन्ही अर्थ होतात, आणि कोणता ते मराठी माणसालाच विचारायचं सुचतं. आई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरं." असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात नको तो विचार शिरत नाही, उलट आतलं बाहेर येतं. घरातही विचारायला घाबरू नका. आणि उत्तर 'हो' आलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तातडीची मदत घ्या.

मागायचं कसं? पहिली वेळ घेतानाच सांगा: मराठी, आणि फाइलवर तसं लिहून घ्या. नुसतं 'भारतीय' लिहिलं की हिंदी बोलणारा माणूस येतो. बाजारहाटाला आपल्या म्हाताऱ्यांची हिंदी पुरते, पण 'करमत नाही' हे हिंदीत कसं सांगणार? बाई हवी असेल तर तेही तेव्हाच सांगा. दुभाषामार्फत बोलणार असाल तर दुप्पट वेळ मागा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. मराठी केस मॅनेजर नाहीच मिळाला तर निदान एकच कायमचा केस मॅनेजर आणि दर वेळी तोच दुभाषी, एवढ्यावर अडून बसा.

"आपल्यातलाच माणूस म्हणजे उद्या चारचौघांत बोभाटा," ही भीती मी प्रत्येक घरात ऐकली आहे. ती खोटी नाही, आपली मंडळी इथे मोजकीच असतात. पण गोपनीयता पाळणं हा त्यांच्या नोकरीचा भाग असतो. पहिल्याच भेटीत विचारा: माझं बोलणं कुणाकुणाला कळेल, आणि कोणत्या प्रसंगी माझ्या संमतीशिवाय सांगावं लागेल? जिवाला धोका असणं किंवा मुलांवर अत्याचार होत असणं हे अपवाद बहुतेक ठिकाणी असतात. ओळखीचं कुणी समोर आलं तर दुसरी व्यक्ती मागा, किंवा लांबच्या शहरातला दुभाषी फोनवर घ्या. यात कुणाचा अपमान होत नाही. आजारपणाचा व्हिसावर परिणाम होईल अशी धास्ती असेल तर परवानाधारक व्हिसा सल्लागाराला विचारा, लग्नसमारंभात भेटलेल्या कुणाला नको.

आजाराची लाज वाटत असेल त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. ओदेगार्ड या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या नॉर्वेजियन लोकांमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण मायदेशी राहिलेल्यांपेक्षा जास्त होतं. स्थलांतराचा ताण फक्त आपल्याच घरात शिरलेला नाही.

गोळ्यांचं थोडक्यात: नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाहीत. आईंनी एकदा केली होती बंद. मला पत्ताही नव्हता. पुढच्या सोमवारी केस मॅनेजर बाईंचा नेहमीचा फोन आला. आईंनी माझ्या हातातून तो घेतला, दुसऱ्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. पाऊण तासाने बाहेर आल्या आणि गोळ्यांची डबी कुठे ठेवली ते विचारलं.